घरचा नीळकंठ

वाळलेला कडुनिंब पाडा, पाडा, म्हणून वर्षभर मीच ह्यांच्या मागे लागले होते. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, तो नुसता उभा होता. ना सावली, ना निंबोळी. वादळात कोसळला तर वांग्याच्या वाफ्यांवरच कोसळेल, हा माझा धोशा. शेवटी भर मे महिन्यात ह्यांनी तो पाडला. खोड खाली आपटलं आणि त्याच्या ढोलीतून तीन पिल्लं मातीत सांडली. उघडीनागडी, पोटं फुगलेली, तिघांचीही तोंडं आऽ करून वर.

"हे कायचे वो?" मी विचारलं.

"कावळ्याचे असतीन," हे म्हणाले. आमच्या ह्यांना झेंडूच्या सगळ्या जाती कळतात. पाखरांत मात्र कावळा आणि चिमणी, संपलं.

तेवढ्यात डोक्यावर दोन पाखरं ओरडत घिरट्या घालायला लागली. पंख उघडले की नुसता निळा रंग.

"कावळा निळा असते का?" मी म्हटलं, आणि माझ्याच अंगावर काटा आला. आम्ही नीळकंठाचं घर पाडलं होतं.

आमच्याकडे दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं. दसऱ्याच्या दिवशी माणसं शिवारात जाऊन माना वर करकरून त्याला शोधतात. दिसला की हात जोडतात. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांना तर या पाखराचं भारी वेड. मामंजी होते तोवर दोघं दर दसऱ्याला बैलबंडीत बसून नीळकंठ बघायला जायचे. मामंजी गेले, मग आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला केलं, पण म्हणावं तसं काही साधलं नाही. रंग कळतात, माणूस हालला की कळतं, बाकी सगळं धुकं. तेव्हापासून त्यांना नीळकंठ दिसला नव्हता. मागल्या दसऱ्याला शेजारणीने मोबाइलमध्ये फोटो दाखवला तर कोण चिडल्या! "फोटोचं दर्शन घेऊ? मंग पेढ्याचा फोटोही आण, खातो!"

आता अशा घरात ही बातमी सांगायची कशी? मी सांगितलीच नाही. पिल्लं टोपलीत घालून घरी आणली आणि भाजीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. मग काय विचारता! कोणी म्हणे हळद लावा, कोणी म्हणे ज्वारीचं पीठ कालवून द्या, कोणी नुसतेच हात जोडून मोकळे. आत्याबाईंनी आवाज ऐकला आणि खाटेवरूनच निकाल दिला, "दूध-पोयी दे त्यायले." आमच्याकडे आई मेलेलं काहीही आलं, कुत्र्याचं असो नाही तर माणसाचं, त्याला दूध-पोळी. मीही कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. एक पिल्लू शिंकल्यासारखं करून माझ्या हातातच गेलं.

संध्याकाळी ग्रुपवरून अमरावतीच्या एका पक्षीवाल्या बाईंचा नंबर मिळाला. बाई फोनवर जे ओरडल्या! "दूध? अहो, पाखराला दूध कोण पाजतं? आणि आईबाप जिवंत आहेत ना? मग घरी कशाला आणलीत? मडक्यात ठेवा आणि मडकं तिथेच जवळच्या झाडावर बांधा. येतील ती."

म्हणजे उचललं तेही चुकलं, पाजलं तेही चुकलं. सकाळी फुटक्या काठाचं मडकं बाभळीला बांधलं, दोन पिल्लं त्यात ठेवली आणि मी वाफ्यात लपून बसले. नर-मादी आली. तारेवर बसली, ओरडली, पाडलेल्या खोडाभोवती फिरली. मडक्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना झाड हवं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू मेलं आणि मोठी पाखरं दिसेनाशी झाली. बाई म्हणाल्या, "आता न्या घरी. तिकडच्या वनखात्याला मी कळवते. पण पिंजरा आणायचा नाही, नाव ठेवायचं नाही, लाड करायचे नाहीत. तुम्ही त्याला सोडायला वाढवताय."

सोडायला वाढवायचं. दोन पोरी वाढवल्या, त्यांचं लग्न करून दिलं, तेव्हाही मला कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

मग सुरू झाला डोक्याला ताप. त्याला लागायचे नाकतोडे, रातकिडे, भुंगे. मे महिन्यात नाकतोडे कुठून आणू? गावातल्या म्हशीवाल्याच्या घासाला, म्हणजे हिरव्या चाऱ्याला, पाणी असायचं, तिथे मी पदर खोचून नाकतोड्यांमागे धावायचे. येणारी-जाणारी माणसं गाडी थांबवून विचारायची, "काय हरवलं वो काकू?" श्रीखंडाच्या रिकाम्या डबीला भोकं पाडली होती, तीत पकडलेले नाकतोडे. घरी आलं की पिल्लू असं ओरडायचं, जणू जन्मापासून मी त्याला उपाशीच ठेवलंय. हे म्हणाले, "अवं, आपल्या पोरींनी बी इतकं खाल्लं नसन."

"तुम्ही झाड पाडलं, आता ऐका," मी म्हटलं.

"म्या पाडलं? अन् मागं कोण लागलं होतं?"

हे भांडण आमच्यात अजूनही होतं आणि अजूनही कोणी जिंकलेलं नाही.

पिल्लाच्या अंगावर काटे फुटले, काट्यांतून पिसं फुटली. छाती मातकट, डोकं कळकट, काही विशेष नाही. पण एक दिवस खुर्चीच्या पाठीवर बसून त्याने पंख पसरले आणि आत्याबाई एकदम म्हणाल्या, "निळं काय चमकलं वो?" तेव्हा सांगावंच लागलं. झाड पाडलं इथपासून सगळं. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग मले त्याच्याजवळ बसव." तेव्हापासून दुपारभर ओसरीत दोघं. ते कपड्यांच्या दोरीवर, त्या खाली खाटेवर. ते उडालं की त्या मान वर करायच्या. बसलं की त्यांना दिसायचं बंद व्हायचं, मग मला विचारायच्या, "हाये का?" मी म्हणायचे, "हाये."

शिकार शिकवायची पद्धत बाईंनी फोनवर सांगितली. नीळकंठ उंचावर बसतो आणि खाली किडा हलला की झेप घेतो. म्हणून चोचीत भरवणं बंद करायचं, किडा जमिनीवर टाकायचा. मी अंगणात उभी राहून हात वर करायचे आणि नाकतोडा लांब फेकायचे. लवकरच असं झालं की नाकतोडा सुटायच्या आधी, नुसता माझा हात वर गेला की हा दोरीवरून सुटायचा. मी कौतुकाने व्हिडिओ पाठवला. बाई खूश झाल्या नाहीत. "हात दिसू देऊ नका. हाताची सवय लागली तर पुढे जड जाईल त्याला."

"मंग नाकतोडा काय पायानं फेकू?" मी म्हटलं. बाई हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. पावसाळ्यात रानभर किडे असतात, तेव्हाच सोडा, उशीर केलात तर पोट भरायला शिकणार नाही, असं त्यांनी बजावलं.

आणि इथे माझं डोकं चालेनासं झालं. पावसाळ्यात सोडायचं म्हणजे दसऱ्याच्या कितीतरी आधी. आत्याबाईंचं वय झालेलं. पुढच्या दसऱ्याचं कोणी बघितलंय? यंदा घरात, ओसरीत, हाताच्या अंतरावर नीळकंठ आहे. दसऱ्याच्या सकाळी त्याला आत्याबाईंपुढे दोरीवरून उडवलं की झालं. तीन-चार महिने जास्त ठेवलं तर एवढं काय बिघडणार होतं? पण बिघडणार होतं ना, बाई तेच तर सांगत होत्या. एक बाजू घेतली की दुसरी टोचायची. त्या दिवसांत मी भाजीत दोनदा मीठ घालायचे नाही तर घालायचेच नाही.

गल्लीत तर वेगळीच पंचायत बसली. शेजारीण म्हणाली, दसऱ्याला आम्ही सगये इकडंच येऊ, शिवारात कायले जा? तिचा नवरा म्हणाला, पाळलेला नीळकंठ चालत नाही, उडता लागतो. हे म्हणाले, हा उडतोच की. ओळखीच्या गुरुजींना फोन लावला तर ते म्हणाले, शास्त्रात पाळीव-रानटी असं काही दिलेलं नाही, बघून सांगतो. त्यांनी अजून बघितलेलं नाही.

शेवटी मी ठरवलं. पाखराचं पाप लागलं तर लागो, म्हातारीचा दसरा होऊ दे. मोठ्या अभिमानाने आत्याबाईंजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, "दसऱ्यापावतर ठेवतो मी ह्याले. तुमी घरी बसून दर्शन घ्या."

"ह्याचं?" त्या म्हणाल्या. "हा तर घरचा झाला."

"मंग?"

"मंग काय? घरच्याचं कायचं दर्शन? उद्या म्हणशीन, आत्याबाई, माह्या पाया पडा. अवं, तो आपल्या मर्जीनं दिसला पायजे. आपुन बांधून ठेवलं अन् पाह्यलं, त्याले काय अर्थ हाये? सोड त्याले. नशिबात असन तर दिसन."

मला रागच आला. एवढी उलघाल मी कोणासाठी केली? "दिसन कसा? डोये हायेत का तुमाले?" असं तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, "निळं दिसते मले."

आषाढात पेरण्या होऊन रान हिरवं झालं तेव्हा त्याला टोपलीत घातलं, वरून जुनं लुगडं बांधलं आणि स्कूटीवरून शेतात नेलं. आत्याबाई ओसरीतून म्हणाल्या, "गेला का?" मी म्हटलं, "चाललो." बाभळीच्या फांदीवर ठेवलं तर हा पुन्हा माझ्या खांद्यावर. पुन्हा ठेवलं, पुन्हा खांद्यावर. मी त्याला शिव्या दिल्या, मग रडले, मग पुन्हा शिव्या दिल्या. सुरुवातीला रोज डबी घेऊन जायचे. हात वर केला की कुठून तरी यायचा. मग एकदा मी उभी असताना त्याने तारेवरून उडी टाकली, सोयाबीनच्या ओळीतून काहीतरी वळवळतं उचललं, आपटलं, गिळलं. माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी हात वर केला, तो आला नाही. त्याच्या पुढेही नाही.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आला नाही म्हणजे चांगलंच आहे."

"चांगलं कसं? मेला असन तरी येणार नाईच ना! सुटलेला अन् मेलेला, ह्यात फरक कसा वयखाचा?"

बाई म्हणाल्या, "ओळखता येत नाही हो. आम्हालाही येत नाही."

श्रावण गेला, भादवा गेला. धुऱ्यावरून जाताना माझी मान आपोआप वर व्हायची. कधी तार रिकामी, कधी तारेवर होले, कोतवाल, दुसरीच पाखरं. नीळकंठ दिसला तरी तो आमचाच कशावरून? मातकट छाती सगळ्यांचीच. एकदा एकाला बघून हात वर करणार होते, मग भीती वाटली. नाही आला तर काय समजायचं? आणि आला तर? बाईंनी सांगितलं होतं, सुटल्यावर बोलवायचं नाही. मी हात खाली घेतला आणि गवत काढत बसले.

झेंडू असला की दसरा म्हणजे आम्हाला मरायलाही फुरसत नसते. आदल्या दिवशी तोडा झाला, हे पहाटे गाडी भरून अकोल्याच्या बाजारात गेले. अंगणात पाकळ्यांचा सडा. मी दाराला तोरण लावत होते आणि आत्याबाई नवं लुगडं नेसून, काठी घेऊन, दारात उभ्या.

"मले शेतात ने."

"तुमी स्कूटीवर बसान?"

"बैलबंडी इकली तुमी. मंग कायच्यावर बसू?"

एका बाजूने बसवलं. त्यांनी माझ्या कमरेला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. रस्त्याने एकेक माणूस थांबून बघत होता. निघताना काय मनात आलं कोण जाणे, श्रीखंडाची डबी घेतली होती, अंगणातल्या गवतातले नाकतोडे तीत टाकले होते. कशासाठी, ते विचारू नका. मलाही माहीत नव्हतं.

धुऱ्यावर पोचलो. तारेवर एक नीळकंठ बसला होता.

मी ओरडले, "आत्याबाई, हाये! तारेवर हाये!"

"कुठी?" त्यांनी मान वर केली. "कुठी वो? मले तर नाई दिसून राहिला."

बसलेला होता ना. मातकट पाखरू, मळकं आभाळ. त्यांना काय दिसणार? मी त्यांचं बोट धरून तारेकडे वळवलं, तरी नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बघण्याच्या जोरानेच.

"उडव त्याले," त्या म्हणाल्या. "उडला की दिसन मले."

मी हाकारलं, टाळ्या वाजवल्या. पाखरू ढिम्म हललं नाही. मग मी खाली वाकले आणि एक ढेकूळ उचललं. त्याच्यावर नाही, नुसतं लांब फेकायचं, आवाजाने उडेल, एवढंच मनात. मी हात वर केला.

ढेकूळ हातातून सुटायच्या आधीच तो तारेवरून सुटला.

दोन्ही पंख उघडून, निळाच्या निळा, आमच्या डोक्यावरून, सरळ खाली. ढेकूळ पडून फुटलं तिथे तो उतरला. मान तिरकी केली. मातीत एकदा चोच मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"दिसला!" आत्याबाई ओरडल्या. काठी टाकून त्यांनी दोन्ही हात जोडले. "अवं माय, दिसला वो! केवढा निळा!" त्या रडत होत्या, हसत होत्या, वाकून धुऱ्याच्या मातीला डोकं टेकत होत्या. त्यांना नमस्कार करायला तो कुठे आहे हे आता माहीतही नव्हतं. तो उडून पुन्हा तारेवर जाऊन बसला होता.

मी तशीच उभी. जिवंत होता! माझा होता! मी हात वर केला म्हणून तो खाऊ समजून आला होता, आणि मी त्याला माती फेकली होती. डबी माझ्या पिशवीत होती. पण काढू कशी? आत्याबाईंसमोर तो माझ्या हाताला आला, की पुन्हा घरचा झाला. मग हे दर्शन गेलं.

आत्याबाई उठल्या. पदराने तोंड पुसलं. "आपला होता का वो?"

"नाई, आत्याबाई. रानातला होता."

"असं?" त्यांनी काठीसाठी हात पुढे केला, मी दिली. "मंग खाली काहून आला?"

"किडा दिसला असन त्याले," मी म्हटलं.

त्यांनी काठी मातीत रोवली. मग पदर डोक्यावर पुढे ओढला आणि हळूहळू वळून गावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, माझ्याकडे आणि तारेकडे पाठ करून.

"डबी आणली ना तू?" त्या म्हणाल्या. "स्कूटीवर खडखड करत होती. दे त्याले काय द्याचं ते. मी नाई पाहून राहिली."

मी पिशवीत हात घातला. डबी उघडली, सगळ्यात मोठा नाकतोडा चिमटीत धरला आणि हात वर केला. अगदी अंगणातल्यासारखा.

तो तारेवरून माझ्याकडे बघत होता. मी नाकतोडा फेकला. तो जिथे पडला, तिथून उड्या मारत गवतात गेला. मी दुसरा काढला, पुन्हा हात वर केला. या वेळी तो उडाला, पण उलट्या दिशेने. झेंडूच्या वाफ्यावरून, पलीकडच्या शेताच्या तारेपर्यंत, तिथूनही पुढे. एवढे महिने बाईंनी सांगून जे माझ्याने शिकवणं झालं नव्हतं, हाताला भुलायचं नाही, ते एका ढेकळाने शिकवलं होतं.

"आला का?" पाठमोऱ्या आत्याबाईंनी विचारलं.

मी त्या रिकाम्या तारेकडे बघत होते.

"बोल ना वो. आला का?"

"नाई आला."

त्यांनी तसंच पाठ करून पुन्हा एकदा हात जोडले.

"मंग झालं माहं दर्शन," त्या म्हणाल्या. "चाल घरी."

मी उरलेले नाकतोडे वाफ्यात झटकले आणि स्कूटी चालू केली. वाटभर मला रडू येत होतं, ते आनंदाचं की कशाचं, हे मी आजही सांगू शकत नाही. आत्याबाईंनी मागून कमरेला घट्ट मिठी मारली होती.